कुठं दाटतंय ते सांग

"तुमचं झालं की पाठ फिरवून मोकळे. मी काय उशी आहे?"

फळ्यांच्या भिंतीपलीकडून थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला. रविवारची दुपार होती, मी अलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. थोरले दीर पुटपुटले, "बायकांना त्यात काय असतं?"

"असतं. काय असतं ते मला ठाऊक आहे. शिकायचं असेल तर सांगते. नाहीतर आजपासून सतरंजी खाली घाला."

भांडण ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण थोड्या वेळानं दोघं हसायला लागली, आणि तेव्हापासून जे माझ्या पोटात दुखू लागलं ते पन्नास वर्षं दुखत राहिलं. मला तेव्हा दोन लेकरं झाली होती, पण त्यात हसण्यासारखं काही असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

जाऊबाई पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवायच्या. त्यांची एक रीत होती. कपडा अंगावर चढवून बाईला बसवायच्या, हात वर करायला लावायच्या आणि विचारायच्या, "कुठं दाटतंय?" बाई लाजून "ठीक आहे" म्हणाली, की म्हणायच्या, "तू सांगितल्याशिवाय मला कळणार कसं? नवऱ्यालाही असंच ठीक आहे म्हणतेस ना?" बाया तोंडावर हात घेऊन हसायच्या. मग दाराला कडी लागायची आणि आत हळूहळू बोलणं सुरू व्हायचं.

माझा झंपर मात्र कायम काखेत दाटायचा. मी 'ठीक आहे'वालीच.

एकदा जळफळाट सोसवेना, तेव्हा मी ती दुपार सासूबाईंच्या कानावर घातली. त्यांनी दोघांना समोर उभं केलं. "लाज आहे का?" मला वाटलं, आता जिरली.

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "लाज आहे, आई. भूकही आहे." आणि आईपुढं जन्मात तोंड न उघडलेले दीर म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मलाच कळत नव्हतं."

जिरली ती माझीच. असा नवरा मला का नाही, म्हणून मी किती दिवस धुसफुसत भांडी आपटली. पण आमच्या ह्यांना मी कधी काही सांगितलंच कुठं? हे गेले तोवर नाहीच सांगितलं. वाईट नव्हते. शिकलेही असते.

चुगली कुणी केली ते जाऊबाईंना माहीत होतं. बोलल्या कधीच नाहीत. पुढं घरं वेगळी झाली तरी माझे कपडे शिवत राहिल्या.

शेवटच्या आल्या त्या गेल्या थंडीत, वारायच्या आधी चार दिवस. शिवलेला कपडा त्या स्वतःच पोचवायच्या. काठी टेकत, माझा झंपर कागदात गुंडाळून आल्या. घालायला लावला, बसवलं, हात वर. "कुठं दाटतंय?"

"काखेत," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "त्या दुपारी तू पलीकडं होतीस, ठाऊक होतं मला. वाटलं, ऐकून तरी शिकेल. फार वेळ लावलास गं."

मग तिथंच बसून त्यांनी काखेची शिवण उसवली, दोन बोटं सैल सोडून पुन्हा घातली, दातानं दोरा तोडला. कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि पुढच्या घरी एक कपडा द्यायचा होता म्हणून निघाल्या.