प्रश्न उठला का?

रत्नम्माचं वाटोळं मी केलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला भला माणूस म्हणायला नको.

बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली. त्याच साली नवरा गेला. मग लातूरच्या एका सरकारी कचेरीत ती रोजंदारीवर पाणी भरायला लागली. ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला, कचेरीला नवी पाटी लागली, तेव्हा तिनं अर्ज दिला, मला कायम करा. उत्तर आलं इंग्रजीत. शेवटची ओळ, ‘क्वेश्चन डज नॉट अराइज.’

पत्र घेऊन ती माझ्याकडं आली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. अराइज, अरोज, अरिझन पोरांकडून घोकून घेणारा मी! ऐटीत सांगितलं, "अराइज म्हणजे उठणं. तुझा प्रश्न अजून उठला नाही, रत्नम्मा. उठेल, धीर धर."

तिला लई बरं वाटलं.

त्याच वर्षी तिच्या भावानं, शिवप्पानं, तिच्यासाठी उदगीरच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाची कायमची जागा बघितली. ती विचारायला आली, "जाऊ का गुरुजी?"

"वेड लागलं का? इतकी वर्षं घातलीस, आन् आता प्रश्न उठायच्या वक्ताला निघालीस?"

ती राहिली. आठ वर्षं रांजण भरत राहिली. रस्त्यात भेटली की एकच, "गुरुजी, उठला का प्रश्न?"

"उठून राहिलाय!" मी सायकलवरूनच ओरडायचो. लाज वाटते आता.

नव्वद साली मी मुखेडला बदली मागितली. उत्तरात तीच ओळ! शाळेच्या कारकुनाला विचारलं, "कधी उठेल हो?" तो पोट धरून हसला. "अहो गुरुजी, म्हणजे प्रश्नच येत नाही! साफ नाही म्हणतात ते!"

तसाच रत्नम्माच्या कचेरीत गेलो. ती रांजणापाशी बसली होती. सगळं सांगून टाकलं.

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे तवाच न्हाई म्हनले व्हते?"

"हाव."

"आन् उदगीरची जागा?"

"शिव्या दे मला, रत्नम्मा. चार लोकांत दे."

तिनं गुडघ्यावर हात रोवून उठायला बघितलं, पण पुन्हा खाली बसली. मग माझ्याकडं हात केला.

"प्रश्नाचं ऱ्हाऊ द्या गुरुजी. आधी मला उठवा. सायबाचा रांजण भरायचा हाय."