एक बाळ, गल्लीभर आज्या

बायांनो, आज सकाळी आमच्या सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या गल्लीत भांडण झालं आणि मला लई आनंद झाला! मी सांगतेय, नात टाइप करतेय.

समोरच्या वैशालीची बाळंतपणाची रजा संपली. उद्या सोमवारपासून ती कामावर. बाळाला दिवसभर कोण सांभाळणार, म्हणून आम्ही म्हाताऱ्या तिच्या दारात जमलो.

"माझ्याकडे दे."

"हिच्याकडे नको गं, ही टीव्ही लावून घोरते!"

नव्वद सालानंतर मी धुळ्याहून इथं आले, तेव्हा गल्लीत सगळी जवान माणसं, कापडाच्या कामाला आलेली. म्हातारी माणसं गावाकडंच राहिलेली. आजी म्हणावी अशी मी एकटीच! सकाळी बाया आपापलं पोर माझ्या ओट्यावर ठेवायच्या आणि साड्यांचे धागे कापायला पळायच्या. एकाला तेल लावावं तर दुसरं रडायचं, आणि माझा चहा रोज गार. ही वैशालीसुद्धा त्यातलीच, फार रडकी होती हो!

त्याच बाया आता घरी बसल्यात, आज्या झाल्यात. आणि गल्लीत तान्हं बाळ एकच.

शेवटी वैशाली म्हणाली, "भांडू नका, वार वाटून घ्या. पण मोठ्या आजी, तुम्ही आता थकलात, तुम्ही नुसतं बसा."

मी म्हटलं, "बसते की. बाळ मांडीवर दे, म्हणजे उठायचं नाव काढणार नाही!"

सोमवार मला मिळाला.

तुमच्या गल्लीत कोण जास्त आहे गं, बाळं की आज्या?