नायनांना न कळणारी भाषा

सोलापुरात भवानी पेठेतल्या अंबिका मॅडमच्या इंग्लिश क्लासात पहिल्या दिवशी कुणाला नाव विचारलं जात नसे. मॅडम खडू हातात घेऊन सरळ विचारायच्या, "तुला काय पायजे?" मी सांगोल्याकडची, शहरातल्या एका दवाखान्यात नर्स, परदेशच्या नोकरीची परीक्षा द्यायची म्हणून आलेले. इंग्लिश पायजे, असं मी म्हणाले. "ते सगळ्यांनाच पायजे. तुला स्वतःला काय पायजे ते सांग की." मला काही सुचेना. शेजारी चादरीच्या दुकानात काम करणारी एक बाई बसली होती, तिलाही सुचेना. घरातल्या प्रत्येकाला काय हवं ते आम्ही दोघींनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

मॅडम पन्नाशीच्या, एम. ए. झालेल्या, बिनलग्नाच्या. त्यांचं म्हणणं असं की, आपल्या भाषेत काही मागितलं की घरच्यांची तोंडं उतरतात. इंग्लिशमध्ये मागावं, कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे बाकीचे क्लासवाले बायोडेटा आणि मुलाखती शिकवत असताना आमच्या मॅडम महिनाभर इच्छेचेच शब्द घोळवत बसायच्या. "साहेबासमोर वॉन्ट म्हटलं की भांडायला आल्यासारखं वाटतंय. तितं वुड लाइक घालायचं." क्रेव्ह पोटाचा शब्द. "तिकडं गेलीस की शेंगाचटणीसाठी जीव कासावीस होईल बघ, ते क्रेव्ह." डिझायर सिनेमातल्या लोकांसाठी सोडून द्यायचा, कारण आपण म्हटलं की माणसं वरखाली बघतात. विश म्हणजे होणार नाही हे ठाऊक असूनही बोलायचं. आणि लाँग फॉर हा त्यांचा लाडका. त्याचा अर्थ त्यांनी मराठीत कधी सांगितलाच नाही.

सांगून ऐकू तरी काय आलं असतं म्हणा. भिंतीपलीकडे यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. मॅडमनी त्यावर तोड काढली होती. कारखान्यात कामगार एकमेकांशी हातांच्या खुणांनी बोलतात. लहानपणी वडिलांचा डबा पोचवताना त्या खुणा मॅडमनी उचलल्या होत्या आणि प्रत्येक इंग्लिश शब्दाला त्यांतली एक जोडून दिली होती. वॉन्टला मूठ छातीशी ओढायची. कारखान्यात ती खूण म्हणजे इकडे आण. विशला बोटं हवेत सोडायची. तिथे ती मागावर सुताची तार तुटल्याची. लाँग फॉरला दोन्ही हात दाराकडे लांब करून तसेच धरायचे. पाळी संपत आली की थकलेले कामगार एकमेकांना तशी खूण करायचे, कधी सुटतोय म्हणून.

क्लास मॅडमच्या घरातच भरायचा. खोलीच्या कोपऱ्यात एक बाज होती, आणि बाजेवर मॅडमचे वडील, नायना. आयुष्य मागावर गेलेलं, कान गेलेले, गुडघे गेलेले. घरात बोलणं तेलुगूत, आमच्याशी मोडक्या मराठीत, इंग्लिशचं अक्षर ठाऊक नाही. ते दिवसभर आमच्याकडे बघत बसायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याची करमणूक होतेय.

तेवढ्यात पाचगणीच्या एका निवासी शाळेतून मॅडमना शिकवायला बोलावणं आलं. राहायला खोली होती, पण एकटीसाठी. मॅडमचा भिवंडीतला भाऊ नायनांना न्यायला तयार होता. मी म्हटलं, मॅडम, नायनांना विचारा तरी. त्या म्हणाल्या, "विचारलं की ते हो म्हणणार. म्हणून तर विचारत न्हाय." उत्तर द्यायला आठवडा होता आणि त्या आठवड्यात मॅडमच्या फळ्यावर एकच शब्द राहिला. त्या स्वतःच उदाहरण द्यायच्या, आय लाँग टू गो, आणि हात दाराकडे. आय हॅव लाँग्ड फॉर इयर्स, पुन्हा हात दाराकडे. आम्ही त्यांच्यामागून म्हणायचो, तसेच हात करून.

एका दुपारी बाजेवरून नायनांनी हात वर केला. आधी त्यांनी मॅडमसारखेच दोन्ही हात दाराकडे केले. मग एका तळव्यावर दुसरा आडवा फिरवला. ती पाळी सुटल्याची खूण, हे आम्हाला नंतर कळलं. एरवी मुलीशी तेलुगूत बोलणारा माणूस, त्या दिवशी कारखान्यातल्या उंच आवाजात, आम्हा सगळ्यांना कळेल असं मराठीत बोलला.

"जा की अंबिका. किती वर्षं दाराकडं हात करणार?"

मॅडमनी फळा पुसला आणि आम्हाला उद्याचा अभ्यास सांगितला.

दोन दिवसांनी त्यांनी माझ्यासमोरच शाळेला फोन करून नकार कळवला, अगदी गोड इंग्लिशमध्ये. मला संताप आला. म्हाताऱ्यानं तोंडानं जा म्हटलं, भाऊ तयार, शाळा तयार, आता अडलं कुठे? मी तसं बोललेही.

त्या खुर्चीत बसल्या. "इंग्लिश त्यांना कळत न्हाय म्हणून मी इतकी वर्षं मनासारखं बोलले गं, खुणा त्यांच्याच कारखान्यातल्या हे ध्यानातच आलं न्हाय. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज म्हटलं, मला हितनं सुटायचंय. आणि ते रोज बघत बसले. आता मी गेले तर ते भिवंडीच्या खोलीत काय आठवत बसतील, सांग."

त्या चुकल्या असं म्हणायची हिंमत मला आजही होत नाही.

परीक्षा होईपर्यंत मी क्लासला जात राहिले. त्या फोननंतर पहिल्याच दिवशी दिसलं, नायनांनी बाज फिरवून घेतली होती. आम्ही आलो की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि आम्ही उठेपर्यंत मान वळवायचे नाहीत. मुलीनं मोकळेपणी बोलावं, एवढंच त्यांना हवं असणार. मॅडम मात्र त्यांच्या पाठीकडे बघत आम्हाला बायोडेटा कसा लिहायचा ते शिकवत होत्या.