एक डबा, दोन सिस्टीम आणि माझी ढोलकी

चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. शाळेत जे शिकवत नाहीत ते माझ्या हातात होतं. दारव्ह्यापासून नेरपर्यंत आमच्या समाजात लग्न असो, नामकरण असो, की चौदा एप्रिलची जयंती, गाणारा कोणी का असेना, ढोलकी माझी. हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारे दुसरे आता फारसे उरले नाहीत.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. लग्नं अंगणातल्या अंगणात उरकू लागली. पाच माणसांची गायनपार्टी कोण बोलावणार? एक कंप्युटर अन् दोन बॉक्स आले की पाचही जणांचं काम भागत होतं. आमची पार्टी भांडण न होताच मोडली. पेटीवाला पोराकडे पुण्याला गेला. मी ढोलकी खुंटीला टांगली आणि डीजेवाल्यांच्या नावानं बोटं मोडत बसलो.

आणि डीजे निघाली कोण, तर माझीच पोरगी.

ती दारव्ह्याला कंप्युटरच्या क्लासात शिकवायची. क्लासानं काढून टाकलेला एक जुना कंप्युटरचा डबा तिनं घरी आणला आणि एका मिस्त्रीसंगं भागी केली. मिस्त्री विहिरीच्या मोटारी बांधायचा. बॉक्स आणि जनरेटर त्याचे, गाणी हिची. मुसलमान माणूस, माझ्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. मला उस्ताद म्हणायचा, पण असा की शिवी वाटावी.

पोरगी म्हणाली, “बाबा, गाणं डब्यातून वाजन, अन् वरून ढोलकी तुमची. असा डीजे साऱ्या जिल्ह्यात नाई.”

“मी मशीनच्या मागं वाजवत नसतो.”

“मागं नाई, संगं.”

नाही नाही म्हणत नेरला एका हळदीला गेलो. तिनं ढोलकीला माईक लावला, माईकची वायर कंप्युटरात घातली, तिथून आवाज बॉक्समध्ये. पहिलं गाणं लागलं. माझी थाप हातातून सुटायची आणि बॉक्स ती मागून म्हणायचा, जसं कोणी आपल्या पाठीमागं चालत आपली नक्कल करावी. कोणताही ढोलकीवाला जे करेल तेच मी केलं. थाप मागं पडते ना, मग हात पुढं काढला. तर हात गाण्याच्या पुढं निघून गेला. गाणं एकीकडे, मी एकीकडे. नाचणाऱ्या बायांचे पाय अडखळले. नवरदेवाकडचा कोणी म्हणाला, “बुढ्याचा हात गेला आता.”

पोरीनं माझा माईक बंद केला. नुसतं गाणं वाजू लागलं, बाया पुन्हा नाचू लागल्या. दुसऱ्याचं लेकरू धरून बसावं तसा मी ढोलकी मांडीवर घेऊन बसून राहिलो.

घरी आल्यावर ढोलकी पुन्हा खुंटीला टांगली. पण हात गेला का, हे मला पाहायचं होतं, आणि कोणाच्या देखत पाहायचं नव्हतं. बायको चुलीसमोर भाकरी थापायला बसली की मी मागं भिंतीला टेकून बसायचो. तिचा ठेका एकदम पक्का, लग्न होऊन आली तेव्हापासून हललेला नाही. ती थापायची, मी बोटांनी पाटावर धरायचो. एकदा तिनं मान वळवली.

“काहो, माह्या भाकरीले ठेका धरून राह्यले का?”

“मुंगी होती. मारून राह्यलो.”

“रोज एकाच ठेक्यात मुंग्या येते वाटते तुमच्या घरी.”

पोरगी दारात उभी राहून पाहत होती हे मला कळलं नाही. ती आत आली आणि माझ्याजवळ उकिडवी बसली.

“बाबा, भाकरीसंगं तुमचा हात बरोबर पडते. नेरले काहून मागं पडला?”

“म्हातारा झालो म्हून.”

“तुमी नाई, मशीन मागं पडली. थाप आत जाते अन् बाहेर यायले वेळ लावते.”

तिनं मला जे समजावलं ते माझ्या समजुतीनं असं: प्रत्येक कंप्युटरात एक सिस्टीम असते, घरातल्या कारभारणीसारखी. आत आलेलं सगळं तिच्या हातून बाहेर जातं. आमच्या डब्यात विंडोज होती. दोष तिचा नव्हता. डबा जुना, साउंडकार्ड साधं आणि क्लासवाल्यांनी त्यात नको नको ते भरून ठेवलेलं. दुसरी लिनक्स नावाची, तिच्यावर पेंग्विन पक्ष्याचं चित्र. ती हलकी होती, आणि कामाची रांग आपल्या हातानं लावता यायची, ढोलकी पहिली, बाकीचं मागून. पोरीला ती एका मासिकासोबत आलेल्या सीडीत मिळाली होती.

“फुकट मिळाली?” मी विचारलं.

“हो, फुकटच असते ते.”

“मंग मले नाई पाह्यजे. साऱ्या डीजेवाल्यांकडे विंडोज हाये, आपल्याकडेच फुकटचं पाखरू कायले?”

बॉक्स न्यायला आलेला मिस्त्री दारातूनच हसायला लागला. “उस्ताद, बाजा बजाना है के इज्जत बजाना है?”

पोरगी माझ्यासारखीच हट्टी. तिनं त्या एका डब्यात दोन्ही सिस्टीम टाकल्या, एका घरात दोन चुली मांडाव्या तशा. रविवारी दुपारी लाइन आली तेव्हा मला अंगणात बसवलं, कानाला हेडफोन लावले, आणि पडद्याची पाठ माझ्याकडे केली.

“कोणती चालू हाये ते सांगत नाई. तुमी फक्त वाजवा.”

पहिल्या खेपेला पुन्हा तेच. थाप, आणि मागून तिची नक्कल. माझे कान तापले. वाटलं, उठून जावं. तिनं डबा बंद करून पुन्हा चालू केला. तेवढ्या वेळात मी ढोलकीच्या कड्या सरकवून शाईच्या बाजूचा सूर नीट केला, उगाच, हाताला काम म्हणून. दुसऱ्या खेपेला थाप मारली आणि थांबलो. पुन्हा मारली. हात चामड्यावर आणि आवाज कानात, मधात कोणी नाही. मी वाजवतच राहिलो. गाणं तिनं कधी लावलं ते कळलं नाही. बायको पिठाच्या हातानं बाहेर येऊन उभी होती.

“हे ठेव,” मी म्हणालो.

पोरीनं पडदा फिरवला. पेंग्विन.

“मंग, बाबा? फुकटचं पाखरू?”

“मी पाखरू नाई निवडलं. थाप निवडली.”

“गिरा तो भी टांग ऊपर,” बॉक्सवर बसलेला मिस्त्री म्हणाला.

सगळं सोपं झालं असं नाही. त्या सिस्टीममध्ये आमच्या गाण्यांची मराठी नावं चौकोन चौकोन दिसायची, आणि मिस्त्रीनं हौसेनं आणलेली लाइटची पट्टी ती ओळखायचीच नाही. पोरगी किती दुपारी त्यात डोकं घालून बसली. क्लासाच्या कामासाठी विंडोज राहू दिली, वाजवायला मात्र दुसरी.

त्या साली जयंतीच्या मिरवणुकीत मी ट्रॉलीत तिच्या बाजूला बसलो. वंदना झाली, पहिलं गाणं लागलं, आणि थाप बॉक्समधून जिथं पडायला पाहिजे तिथं पडली. मी पोरीकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेच पाहून राहिली होती, हे पाहायची गरज नव्हती.

आता ती लग्न करून यवतमाळला राहते. जयंतीला लॅपटॉप घेऊन येते, हेडफोन माझ्या कानाला लावते. मिस्त्री राहिला नाही. आणि माझा हात आता खरोखरच मागं पडतो. भाकरीजवळ बसून पाहिलं आहे. बायकोही काही म्हणत नाही, म्हणजे तिलाही कळलं आहे.

तरी मिरवणुकीत कोणी अडखळत नाही. मला नवल वाटायचं. मागच्या खेपेला कान खाजवायला मी हेडफोन एका बाजूनं काढला, आणि काय ऐकतो, माझ्या दुसऱ्या कानातलं गाणं पुढं, आणि रस्त्यावर बॉक्समधून येणारं तेच गाणं जरासं मागं. पोरीनं गाणं मला आधी दिलं होतं, लोकांना नंतर. माझी थाप पोहोचेपर्यंत ते थांबवून धरलं होतं.

मी हेडफोन पुन्हा नीट बसवला.

मिरवणूक संपल्यावर ती वायरी गुंडाळत होती. मी विचारलं, “सिस्टीम तेच हाये ना, आपली?”

“तेच हाये बाबा. काहून?”

“काई नाई. बदलू नको.”