सतरा नंबरच्या बेडवर माझं नाव

लिहायची सवय नाही. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. हे मोबाईलमध्ये बोलून बोलून उतरवलंय, बायकोनं दोनदा वाचून दुरुस्त केलंय. तरी चुका असतील, सांभाळून घ्या.

मी असलं काही मानणारा माणूस नव्हतो. चौदा वर्षं झाली गाव सोडून. गाव पारोळ्याच्या पुढे, आता राहायला सुरतेत गोडादरा, काम उधन्याला लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या खात्यात. इकडे कारखान्याला खातंच म्हणतात. आमच्यातल्या कुणाला मशीनमागे बाई दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मी म्हणायचो, बारा तास त्या खडखडाटात उभं राहून पैंजण ऐकू येत असतील तर आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. आजही कुणी भुताचं सांगितलं तर मी हसेन. पण हे भुताचं नाही. कशाचं आहे ते मला माहीत नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ सुनील तेव्हा गावाहून येऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्याच खात्यात लागला होता, आमच्याच खोलीत राहायचा. आठ दिवस ताप अंगावर काढला आणि एका सोमवारी सकाळी हाका मारल्या तरी उठेना. डोळे उघडे, पण ओळख नाही. मी, संगीता — म्हणजे माझी बायको — आणि शेजारचे बापू, तिघांनी रिक्षात घातला. बापू आमच्या गावचेच, वीस वर्षांपासून सुरतेत. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. मोठा आहे, आणि तिथल्या लोकांनी आमचं काही वाईट केलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

सुनीलचं फुकट उपचाराचं सरकारी कार्ड गावच्या पत्त्यावरचं, महाराष्ट्राचं. माझं इथलं. रिक्षातच बापू म्हणाले, "त्याचं कार्ड इथं चालायचं नाही. खिडकीवरून परत पाठवतील. तुझं दे. तोंडं तर सारखीच आहेत तुमची."

मी दिलं.

नुसतं दिलं. विचारही केला नाही. मी छत्तीसचा, तो सत्तावीसचा, पण तापानं गाल बसलेले, दाढी वाढलेली... कुणी दोनदा बघितलं नाही. त्याच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी बांधली, तिच्यावर माझं नाव. सतरा नंबरच्या बेडच्या डोक्याशी पाटी, तिच्यावर माझं नाव. आणि मला कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर मी म्हणायचो, "मी सुनील, पेशंटचा भाऊ."

डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठल्या औषधाची रिअॅक्शन? मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच कॉम्प्युटरमध्ये बघितलं. दोन वर्षांपूर्वी माझा अंगठा लूममध्ये चेंगरला होता, तो कागद त्या कार्डावर निघाला. म्हणाले, "हां, तुमच्या भावाला चालतात सगळी." मी मान हलवली.

सुनील सहा वर्षांचा असताना गावात त्याला एक इंजेक्शन टोचलं होतं. ओठ सुजून वांग्यासारखे झाले होते, श्वास अडकला होता. खांद्यावर टाकून मीच पळालो होतो तालुक्याला. हे मला माहीत होतं. आणि मी मान हलवली.

सगळ्यात जास्त संगीताला लागलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि आता सिस्टर दर चार तासांनी विचारायची, पेशंटचं नाव काय? कागदावर हिचं नातं काय, तर पत्नी. दिराच्या उशाशी बसून ती माझं नाव सांगायची. सोमवारी संध्याकाळी मला जिन्यात म्हणाली, "तुमचं नाव अशा बेडवर ठेवू नका. मला नाही बरं वाटत." मी म्हटलं, "नावानं काय होतं? गप बस."

दिवसा ती दवाखान्यात, मी खात्यात. मंगळवारी तुटलेला धागा सांधत होतो. आमच्या बोटांना हे बघावं लागत नाही, बोटंच करतात. तर गाठ बसेना. तीनदा प्रयत्न केला. मग लक्षात आलं की डाव्या हातात धागा आहे हेच मला कळत नाहीये. हात दिसत होता, हलत होता, पण लागत काही नव्हतं. दुखत नव्हता. नव्हताच, असं म्हणा.

शेजारच्या लूमवरून बापू ओरडले, "काय रे, हात झोपला का? उठव त्याला, नाहीतर शेठ अर्ध्याच पाळीचे पैसे देईल."

मी हसलो. संध्याकाळी वॉर्डात गेलो तर सुनीलच्या डाव्या हाताला सलाइन होतं. मी त्याचा काही संबंध जोडला नाही. कशाला जोडेन?

त्याच संध्याकाळी रत्नाताई भेटल्या. हे अनुभवाचं लिखाण आहे, पण खरं तर मला ह्या बाईंबद्दलच लिहायचं होतं. पूर्वी नर्स होत्या. आता एका ट्रस्टनं त्यांना ह्याच कामावर ठेवलंय — पेशंटच्या घरच्यांच्या बाजूनं उभं राहायचं. डॉक्टर काय बोलले ते आपल्या भाषेत सांगायचं, कुठला कागद कुठे द्यायचा ते दाखवायचं, आणि आपल्याला जे विचारायची भीती वाटते ते आपल्यासाठी विचारायचं. गुजराती लोक त्यांना रत्नाबेन म्हणतात, आम्ही ताई. त्यांची एक पद्धत होती. सगळं बोलून झालं की पेनाला टोपण लावायच्या आणि विचारायच्या, "आणि काय राहिलं सांगायचं?"

मी म्हटलं, "काही नाही, ताई."

"नक्की, सुनीलभाऊ?"

"नक्की."

मी डावा हात चोळतोय हे बघून त्यांनी पेनाचं टोक हाताच्या मागच्या बाजूला दाबलं. "लागतंय का?" मी म्हटलं, "नाही." अजून दाबलं. खळगा पडला. "आता?" "नाही." त्या म्हणाल्या, "उद्या तुम्हालाही दाखवून घेऊ. पेशंट सांभाळणारेच आधी पडतात."

बुधवारी सकाळी डावा हात जागेवर आला. मला बरं वाटलं. अकराच्या चहाला उजव्या हातात ग्लास घेतला आणि तो खाली पडला. गरम चहा पायावर सांडला, तो लागला. हाताला काहीच नाही. संगीताला सहज फोन केला. ती म्हणाली, "आत्ताच सिस्टरनं सलाइन काढलं डाव्या हातातलं. नस फुगली होती. आता उजव्याला लावलंय."

मी फोन ठेवला. भीती वाटली असं लिहायला पाहिजे इथे, पण नाही वाटली. काहीच वाटलं नाही. डोकंसुद्धा त्या हातासारखं झालं होतं. मशीनकडे गेलो आणि एका हातानं काम केलं.

संध्याकाळी राऊंडला डॉक्टर बेडजवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "दिलीपभाई, आँख खोलो." मी पायाशी उभा होतो. "हो" म्हणालो. तोंडातून निघून गेलं. रत्नाताई शेजारीच होत्या, त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. राऊंड गेल्यावर टोपण लावलं. "आणि काय राहिलं सांगायचं?"

"काही नाही, ताई."

गुरुवारी मी खात्यात गेलो नाही. ताप उतरत नव्हता, संगीता म्हणत होती की डॉक्टर दुसरं औषध सुरू करणार आहेत. वाटेत पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा अडकली. तिथे माझा ओठ जड वाटायला लागला. मग दोन्ही. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि म्हणाला, "भाई, मधमाशी चावली काय?" मी आरशात बघितलं. वांग्यासारखे ओठ... मी ते ओठ आधी बघितले होते. माझ्या तोंडावर नाही.

सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. दवाखान्यात शिरलो तर ताई खालच्या खिडकीशी कुणाचा तरी फॉर्म भरत होत्या. मला बघून उभ्याच राहिल्या.

"काय खाल्लंत?"

"काही नाही."

"मग हे काय?"

नीट बोलता येत नव्हतं. म्हटलं, "ताई... राहिलंय. सांगायचं राहिलंय."

तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. कार्ड, नाव, सहा वर्षांचा सुनील, ते इंजेक्शन. मला वाटलं आता पोलीस येतील, सुनीलला बाहेर काढतील. ताईंनी सगळं ऐकलंसुद्धा नाही. मी इंजेक्शनचं नाव घेतलं, आज तेच सुरू होणार होतं, आणि त्या जिन्याकडे पळाल्या. पन्नाशीच्या बाई, चपला खालीच राहिल्या.

मी वर पोचलो तेव्हा इंजेक्शन भरलेलं ट्रेमध्ये होतं आणि ताईंचा हात सिस्टरच्या मनगटावर होता. "रुको. हा तो पेशंट नाही."

डॉक्टर चिडले, चिडणारच. म्हणाले, "आणखी दोन मिनिटं उशीर झाला असता तर..." ताई मला म्हणाल्या, "तुम्हाला ओरडायचंय मला. पण आत्ता वेळ नाही." मग नाव दुरुस्तीचा अर्ज त्यांनी लिहिला, सही मी केली, दवाखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर त्या माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. एवढ्या गंभीर पेशंटला कागदासाठी बाहेर काढत नाहीत, हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. औषध बदललं. पाटी बदलली.

आणि दुपारी सिस्टरनं जुनी पट्टी कापून नवी बांधली, सुनीलच्या नावाची. पट्टीचं बटण बसलं आणि चार दिवस हूं की चूं न केलेला माझा भाऊ ओरडला, "ओ माय वं! मना हात!" आमच्या अहिराणीत, माझा हात.

त्याच वेळी माझ्या उजव्या हातात झिणझिण्या आल्या. खांद्यापर्यंत. संगीता तिथे होती, ताई होत्या. संध्याकाळपर्यंत ओठ उतरले.

सुनील आता बरा आहे, खात्यात येतो. डॉक्टरांनी मलाही तपासलं. म्हणाले, टेन्शन, लूमची धूळ, हात दबून झोपणं, असं होतं. होत असेल. मी शिकलेला नाही, मी नाही कसं म्हणू? पण घरी आल्यावर सुनील एकदा म्हणाला, "भाऊ, त्या चार दिवसमा माले काहीच लागनं नही. एक सुई बी नही."

सुया तर रोज टोचल्या. हातावर डाग होते. त्याला लागल्या नाहीत. मलाही लागल्या नाहीत, माझा तर हातच गेला होता. मग ते दुखणं चार दिवस कुणाकडे होतं? मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कागदावरचं विचारा, दिलीपभाऊ, ते मी सांगते. हे नाही माहीत."

आता गावाकडचं कुणी आजारी पडलं की मीच ताईंकडे घेऊन जातो. रिक्षातच सांगतो, आधी खरं नाव. ताई कितीही घाईत असल्या तरी मला बघितलं की हात पुढे करायला लावतात आणि पेनाचं टोक दाबतात.

"लागतंय का?"

"लागतंय, ताई."

"बरं," म्हणतात, आणि पुढच्या माणसाकडे वळतात.