माझं अनलिमिटेड नेट कोण खातंय?

चहा आधी घ्या. कारण आता जे सांगणार आहे त्यात मीच मूर्ख ठरते, आणि ते कोरड्या घशाने मला सांगवत नाही.

आमचा तांडा महागावपासून थोडा आत. तांड्यात लहानथोर सगळे मला याडी म्हणतात. याडी म्हणजे आई. शाळेची पायरी मी कधी चढले नाही. दुकानांच्या पाट्या आणि एसटीचे बोर्ड वाचत वाचत अक्षरं शिकले, आणि यंदा बाहेरून दहावीला बसले आहे. या वयात! हसा, हसा. तांडाही हसला होता.

मराठीची मला भीती नाही. इतिहासाची तर मुळीच नाही, अर्धा डोळ्यांनी पाहिलाय. अडलं ते गणिताने. म्हणून पुण्याला कामाला असलेल्या मुलाला सांगून घरी ब्रॉडबँड घेतलं. जाहिरातीत ही मोठाली अक्षरं: अनलिमिटेड! रोज दुपारी फोनवर गणिताच्या बाई शिकवायच्या आणि मी वहीत उतरवायचे.

पहिले काही दिवस झकास गेले. मग महिना निम्म्यावर आला की बाईंना काय व्हायचं कोण जाणे. "अ अधिक ब चा वर्ग म्हणजे..." एवढं म्हणायच्या आणि तोंड उघडं टाकून थांबायच्या. मध्ये ते चक्र गरगर फिरतंय. म्हणजे काय? म्हणजे काय, बाई? मी चुलीवर भाजी चढवून, ढवळून, उतरवून यायचे, तरी अ आणि ब जिथल्या तिथे!

कंपनीला फोन लावला. तिकडून पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचा वापर जास्त झालाय, म्हणून स्पीड कमी केलाय."

"अनलिमिटेड हाय ना?"

"हो मॅडम, अनलिमिटेडच आहे. फक्त मर्यादा संपली की स्पीड कमी होतो."

अनलिमिटेडची मर्यादा! ऐकलंय कधी? पंगतीला बसवायचं, पोटभर जेवा म्हणायचं, आणि दुसऱ्या पोळीनंतर वाढपी गोगलगाय व्हायचा!

पण वापर जास्त करतंय कोण? मी तर रोज एक धडा बघते. म्हणजे घरात चोर आहे.

पहिला संशय सुनेवर. सुमनचा फोन घेतला आणि ज्वारीच्या कोठीत टाकला.

"अवो याडी, मी दिवसभर वावरात असतो. मी कवा पायतो नेट?"

"तुह्यी मालिका असते संध्याकाळी."

"ते टीव्हीवर असते, डिशवर!"

मी ऐकते का? सुमन रुसून बसली. नेट तसंच.

मग दुसरा चोर: भिंतीपलीकडचा परसराम. त्याच्या अंगणातून मोबाईलचा आवाज सारखा यायचा. मी सरळ आमच्या तांड्याच्या नायकाकडे गेले. तांड्यातलं भांडण आधी नायकापुढे न्यायचं, ही आमची रीत. नायकाने बैठक बसवली. शेळीच्या, बांधाच्या, सोयरिकीच्या भांडणांसाठी बसणारी बैठक, ती माझ्या नेटसाठी बसली!

"परसराम, याडीचं नेट तू चोरून राह्यला का?" नायकाने विचारलं.

"नायक, मले तर माह्या फोनचाच पासवर्ड याद नाई," परसराम म्हणाला. "याडीचा कुठून आनू?"

सगळे हसले. मी नाही हसले. मी म्हटलं, "कंपनीच्या मोठ्या साहेबालेच विचारतो. साऱ्या तांड्यासमोर. मंग कोन खरं ते पाह्यजा."

आणि सोडलं नाही हो! कंपनीच्या महागावच्या ऑफिसात गेले आणि खुर्चीवर ठाण मांडलं. "साहेब तोंड दाखवून बोलेल तवाच उठतो." शेवटी ते कंटाळले. साहेबाचा व्हिडिओ कॉल ठरला.

कॉलच्या दिवशी माझ्या अंगणात जत्रा. नायक खाटेवर, परसराम उकिडवा, सुमन दारात तोंड फुगवून. कॉल नीट चालावा म्हणून मी माझा सोडून सगळ्यांचे फोन बंद करून टोपल्यात जमा केले होते. आता कोण खातं बघू!

साहेब स्क्रीनवर आले. जरा अडखळत, पण आले. तरणा माणूस, गळ्यात टाय.

"आजी, मी इथून बघतोय. तुमच्या घरी आत्ताही व्हिडिओ चालू आहे. आणि भारी क्वालिटीचा."

"खोटं!" मी टोपलं उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं. "हे पाय. सारे फोन बंद. सांग, कोन पाह्यते व्हिडिओ?"

अंगण चिडीचूप.

आणि त्या शांततेत गोठ्यातून, अगदी खणखणीत, ढोलकी वाजली.

साहेबांनी कान टवकारले. "आजी, मग ते गाणं कुठे चालू आहे?"

"ते व्हय?" मी बिनधास्त म्हटलं. "ते तं म्हशीचं हाय."

म्हणाले आणि... काय सांगू! जीभ दाताखाली आली ती तिथेच राहिली.

झालं होतं असं. आमची म्हैस पान्हा सोडायला नखरे करते. कोणीतरी म्हणालं, गाणी लावा, दूध उतरतं. आधी रेडिओ होता, तो बिघडला. मग मी मुलाचा जुना टॅब प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठ्याच्या खांबाला टांगला. एक गाणं संपलं की दुसरं आपोआप लागायचं, उजाडल्यापासून अंधार पडेस्तोवर. वरून शेणाचे शिंतोडे नकोत म्हणून बारदान टाकलं होतं. चित्र झाकलंय, बघत कोणी नाही, तर नेट कसं जाईल? असा माझा हिशेब! म्हशीला काय, कान पुरे.

अंगणात जो हशा उठला! नायक खाटेवर आडवा झाला. सुमन पदर तोंडात कोंबून आत पळाली. परसराम मात्र हात जोडून स्क्रीनसमोर गेला. "साहेब, मी सुटलो ना?"

पण मी हार मानते का? साहेबाला म्हटलं, "जाहिरातीत लिहिलंय का, मानसानंच वापरावं म्हनून? अनलिमिटेड म्हंजे अनलिमिटेड. मंग म्हैस का असंना!"

"आजी, ते अटींमध्ये बारीक अक्षरात..."

"मंग अनलिमिटेड तरी बारीक लिहा नं! अन् मर्यादा मोठी लिहा!"

यावर साहेब काय म्हणाले, ते देवाला ठाऊक. तोंड उघडं टाकून तेही थांबले. चक्र गरगर.

परसरामची माफी मी बैठकीतच मागितली, नायकासमोर, उभी राहून. सुमनचा फोन कोठीतून काढला, ज्वारी झटकून दिला. तिने तो घेतला, पण चार दिवस भाकरी जरा जाडच थापली.

गाणी बंद केली तर दूध जाईल, चालू ठेवली तर दहावी जाईल. मग मी मार्ग काढला. आता रोज संध्याकाळी दूध काढायच्या वेळी वही घेऊन गोठ्यातच बसते आणि गणिताच्या बाईंना मोठ्याने लावते. बाकी दिवसभर टॅब बंद. महिना संपला तरी बाई एकदाही थांबत नाहीत.

आणि दूध? थेंबभर कमी झालं नाही. त्या नखरेल म्हशीला गाण्याचं कौतुक कधी नव्हतंच!

काल परसराम भिंतीवरून डोकावला. मी अवयव पाडताना तिसऱ्यांदा अडले होते आणि म्हैस शांतपणे रवंथ करत मान हलवत होती.

"याडी," तो म्हणाला, "पेपरले तुम्ही कायले जाता? हिलेच पाठवा. हिचं समजून झालेलं दिसते."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वहीकडे पाहिलं. मग म्हशीकडे पाहिलं. खरंच, त्या अवयवांवर तिने एकदाही कपाळाला आठी घातली नव्हती.