डिपॉझिट गेल्यावर

सहकार एवढा फोफावलेला असताना तुमचा समाजवाद कशाला हवाय, असं बारामती कोर्टाच्या बाररूममध्ये, वकिलांच्या बैठकीत, मला कुणी ना कुणी विचारायचंच. मी चिडायचो. शेतमजूर, मेंढपाळ, कंपनीनं काढून टाकलेले कामगार यांच्या केसेस चालवायचो आणि त्याच बळावर नव्वदच्या दशकात इंदापूरमधून विधानसभेला उभा राहिलो. ज्यांच्यासाठी कोर्टात घसा कोरडा केला, ती माणसं मत दुसऱ्याला कशाला देतील?

दिलं. डिपॉझिट जप्त झालं. ज्या वस्त्यांवर माझ्या गळ्यात हार पडले होते, तिथल्या पेट्यांतूनही माझ्या नावावर काही निघालं नाही. लाजेनं मान वर होईना. मी दाढी करणं सोडलं, कोट खुंटीला तसाच राहिला. कोर्टातून कुणी बोलवायला आलं की बायकोला म्हणायचो, ताप आहे म्हणून सांग. ती सांगायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

एका सकाळी इंदापूरकडचे एक आबा दारात आले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता माळावर थोडी शेती करायचे. त्यांचं घर कारखान्याकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यात येत होतं. ते पाडायला कोर्टाची मनाई मिळवायची तारीख दुसऱ्या दिवशी होती. मला ती पक्की ठाऊक होती, तरी मी खाट सोडली नव्हती.

आबांना पाणीसुद्धा न विचारता मी म्हणालो, "मत कुणाला दिलंत?"

गुप्त मतदानावर भाषणं झोडणारा मी! अडल्या म्हाताऱ्याला हे विचारताना माझी जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमास्नी न्हाय दिलं, साहेब. खोटं कशाला बोलू? वस्तीवर बसून ठरलं. तुमी मुंबईला गेल्यावर हितं कोर्टात आमच्या बाजूनं कोण उभं ऱ्हाणार? आमदार काय, कुणीबी हुईल."

"मग हार कशाला घातलेत?"

"घालू न्हाय व्हय? आमचं वकील हाय तुमी." मग हळूच म्हणाले, "उद्या येताय न्हवं? वस्तीवरची माणसं रोज कोर्टाच्या लिंबाखाली येऊन बसत्यात. तुमचा ताप उतरला का बघाय."

बायकोनं आतून चहा आणला. जाताना तिनं खुंटीवरचा कोट काढून झटकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनाई मिळाली, आबांचं घर राहिलं. पण मला आठवते ती त्या दिवशीची सकाळ. मी फाटकातून आत शिरलो आणि मला मत न दिलेली ती सगळी माणसं लिंबाखालून उठून उभी राहिली. एकानं विचारलं, "ताप उतरला का, साहेब?" पडल्याची लाज मी सोसली होती. ही मात्र अजून सोसत नाही.